जेटस्कीवरून मासेमारी: पायाखाली पाणी साचू नये म्हणून आधी वजन, मग नाळ (पुढचं टोक), शेवटी ठोकळे

"फोमचे ठोकळे बसवले, तरी पाय घोट्यापर्यंत पाण्यातच." न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये जेटस्कीवरून गळ टाकणाऱ्या आपल्या मंडळींकडून हे दर उन्हाळ्यात ऐकतो. ठोकळे बघायला गेलो तर बहुतेक वेळा ते बरे असतात. चुकलेला असतो तो क्रम. सगळ्यात शेवटी करायचं काम सगळ्यात आधी केलेलं असतं आणि त्याआधीची पाच कामं केलेलीच नसतात.

सीटच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जे लांबट, खोलगट पाट असतात त्यांना इथे फूटवेल म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. बहुतेक जेटस्कींवर हे पाट मागच्या टोकाला उघडे असतात. ही चूक नाही. वेगात असताना नाक वर असतं, आत उडालेलं पाणी मागे वाहतं आणि सांडून जातं. अडचण थांबल्यावर येते. मागचं टोक खाली बसतं आणि जिथून पाणी जायचं तिथूनच ते आत येतं. मासेमारीत आपण तासन्‌तास थांबलेलेच असतो. म्हणून हे मागचं तोंड फोमच्या ठोकळ्यांनी बंद करतात.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मागून उघड्या फूटवेलमध्ये आलेलं पाणी बाहेरच्या समुद्राच्या पातळीलाच राहतं. पाय भिजतात, पण वाट मोकळी असल्यामुळे ते आलं तसं जातं. तोंड बंद केलंत आणि वरून लाट आत पडली, तर ते पाणी अडकतं आणि त्याचं ओझं होतं. १२० सेंमी लांब, २० सेंमी रुंद आणि १० सेंमी खोल असा एक फूटवेल धरला तर त्यात २४ लिटर मावतात. दोन्ही बाजूंचे मिळून ४८ लिटर. खारं पाणी लिटरला किलोहून थोडं जड असतं, म्हणजे सुमारे ४९ किलो. हे ओझं एका जागी बसत नाही, जेटस्की झुकेल त्या बाजूला धावतं. म्हणून ठोकळ्याने पाणी आत येऊ देऊ नये एवढं पुरत नाही. आत आलेलं पाणी त्याने झटकन बाहेरही सोडलं पाहिजे.

टप्पा १: पाणी कुठून येतं ते बघा

फोम विकत घेण्याआधी वारा नसलेल्या सकाळी एखाद्या आडोशाच्या खाडीत जा. रॉड, आमिष काहीही नको. फक्त रंगीत चिकटपट्टी आणि मोजपट्टी घ्या. दोन्ही फूटवेलच्या मागच्या तोंडाशी एकेक पट्टी उभी चिकटवा आणि तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण करा.

तीन वेळा थांबून बघा, प्रत्येक वेळी इंजिन बंद करून दहा मिनिटं. पहिल्यांदा एकटे, पेटी न ठेवता. दुसऱ्यांदा जोडीदारासह. तिसऱ्यांदा जोडीदार आणि नेहमी नेता तेवढं सगळं सामान भरून. प्रत्येक वेळी पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं, आधी डावीकडे आलं की उजवीकडे, आणि मागून आलं की कडेवरून, हे लिहून ठेवा.

एकटे असताना कोरडं आणि सामान चढवल्यावर ओलं, तर दोष वजनाचा. एकाच बाजूला पाणी, तर बसण्याचा किंवा सामान एका बाजूला गेल्याचा. कडेवरून येत असेल तर दोष दिशेचा, आणि त्यावर मागचा कुठलाही ठोकळा उपाय नाही. एकटे असतानाही दोन्ही बाजूंना मागून पाणी येत असेल, तर टप्पा २ अजिबात टाळू नका.

काही मॉडेलना फूटवेलच्या तळालाच भोक आणि त्यात रबरी व्हॉल्व्ह असतो. तुमच्याकडे तसं असेल तर बोट घालून तपासा. वाळूचा एक कण किंवा गळाच्या दोरीचा तुकडा अडकला तरी त्याचं तोंड मिटत नाही आणि पाणी उलटं येत राहतं. मागे ठोकळे लावून हे पाणी थांबणार नाही. थांबलेलं असताना त्या भोकाला बाहेरून किंवा आतून, जसं बसेल तसं, निमुळतं रबरी बूच लावावं लागतं.

टप्पा २: पोटात पाणी नाही ना?

फूटवेलमधलं पाणी दिसतं. इंजिनाच्या खालच्या पोकळीतलं दिसत नाही, आणि मागचं टोक खाली ओढण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

तासभर फिरून आल्यावर जेटस्की ट्रेलरवर चढवा, मागची दोन्ही तळाची बुचं काढा आणि खाली बादली धरा. कपभर निघालं तर चालेल. बादलीचा तळ चांगला झाकला जात असेल तर गळती आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही. बुचांचे रबरी वायसर, सीटखालचं सील, आणि नंतर बसवलेल्या वस्तूंचे स्क्रू तपासा. रॉडहोल्डर, फिशफाइंडरचा (मासे शोधायच्या यंत्राचा) कंस, पेटीची पट्टी यांसाठी पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट असू शकते. अशा भोकांत घरातलं बाथरूमचं सिलिकॉन भरू नका. बोटीसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट आणि ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू वापरा.

बऱ्याच जेटस्कींत पोटातलं पाणी इंजिन चालू असतानाच ओढून बाहेर टाकायची सोय असते. थांबलेलं असताना ती काम करत नाही. तासन्‌तास थांबणाऱ्याने बॅटरीवर चालणारा बिल्ज पंप बसवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ठोकळ्यांवर खर्च करण्याआधी यावर करा.

तपासा: रॅम्पवर पाण्यात उतरवण्याआधी तळाची दोन्ही बुचं हाताने फिरवून बघा. "लावली होती" ही आठवण चालत नाही. बोटांना घट्ट लागली पाहिजेत.

टप्पा ३: वजन पुढे आणा

इथे वेळ काढा. माझ्या अनुभवात ओल्या पायांची निम्म्याहून जास्त तक्रार याच टप्प्यावर संपते.

घरच्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवून वजन लिहा. एक नमुना देतो. दोन माणसं ८५ आणि ७५, म्हणजे १६० किलो. बर्फाची रिकामी पेटी, जिला इथे चिलीबिन म्हणतात, ८ किलो. बर्फ १०. त्यात ओतलेलं पाणी १०. जादा पेट्रोल २० लिटर, म्हणजे साधारण १५ किलो. नांगर आणि साखळी ४. रॉड, आमिष, पिण्याचं पाणी, पक्कड वगैरे ८. एकूण २१५ किलो. तुमच्या जेटस्कीवर लावलेल्या पाटीवर भार किती चालतो ते लिहिलेलं असतं. तीन माणसांच्या मोठ्या जेटस्कीवर २७२ किलोचा आकडा नेहमी दिसतो. म्हणजे २१५ किलो मर्यादेत आहे. तरी पाय ओले होतात, कारण यातलं ४०-५० किलो सीटच्या मागे, अगदी शेवटच्या टोकावर ठेवलेलं असतं. किती वजन आहे हा एक प्रश्न, ते कुठे आहे हा दुसरा. सी-सॉच्या फळीसारखं आहे हे: टोकावरचे १० किलो मधल्या ३० किलोंना भारी पडतात.

मग काय हलवायचं? नांगर, साखळी, पिण्याचं पाणी आणि हत्यारं पुढच्या कप्प्यात. बर्फ दोन भागांत: अर्धा पेटीत, अर्धा दीड लिटरच्या बाटल्यांत गोठवून पुढे. त्या बाटल्यांचं पाणी वितळल्यावर पिताही येतं. जादा पेट्रोल खरंच लागतं का, हे विचारा. जवळच्या रंगीटोटो बेटाच्या आसपास फिरून येणाऱ्याला टाकी भरलेली असली तर सहसा लागत नाही.

सगळ्यात मोठी चूक स्लरीची. मासा ताजा राहावा म्हणून बर्फ आणि खारं पाणी यांचं मिश्रण करायचं, हे अगदी बरोबर. पण ते घरून करून आणू नका. रॅम्पवरून निघताना पेटीत कोरडा बर्फ असू दे. पहिला मासा आला की तिथलंच समुद्राचं पाणी त्यात ओता, तेही मासे बुडतील एवढंच. १० किलो ओझं दिवसाच्या पहिल्या तासांत वाहायचं काही कारण नाही.

परतीचंही गणित करा. ऑकलंडसमोरच्या हौराकी आखातात स्नॅपर माशाची मर्यादा माणशी दिवसाला ७, किमान लांबी ३० सेंमी. दोघांना मिळून १४. किलोभराचे मासे असले तर पेटीत १४ किलो वाढले. दिवस चांगला गेला की मागचं टोक अजून बसणार. त्या वेळी वितळलेलं पाणी थोडं काढून टाका आणि पुढच्या कप्प्यातल्या जड वस्तू तिथेच राहू द्या.

तपासा: सामान हलवल्यावर टप्पा १ ची तिसरी चाचणी पुन्हा करा. पट्टीवरची खूण किती उतरली ते बघा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक दिसायला लहान, पण तोच फूटवेलच्या उंबरठ्याच्या वर किंवा खाली असतो.

टप्पा ४: बसायची आणि मासा काढायची जागा

मासेमारीत आपण घोड्यावर आडवं बसल्यासारखे एका बाजूला दोन्ही पाय टाकून बसतो. एकटा असेल तर ठीक. दोघं एकाच बाजूला तोंड करून बसले की ती कड खाली जाते आणि त्या बाजूचा फूटवेल भरतो. एकाने डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे तोंड करावं. वजनात फार फरक असेल तर जड माणसाने हँडलजवळ बसावं, हलक्याने मागे. बहुतेक ठिकाणी मालक पुढे आणि पाहुणा मागे असतो, मग वजन काहीही असो. थांबल्यावर जागा बदला.

मासा लागला की मागच्या माणसाचं उठून मागच्या प्लॅटफॉर्मवर जाणं ठरलेलंच. एक माणूस टोकावर उभा राहिला की काय होतं ते टप्पा १ मध्ये मुद्दाम करून बघा, म्हणजे पुन्हा कोणी जाणार नाही. मासा सीटच्या मध्याशी, बाजूने जाळीत घ्यायचा. जाळीचा दांडा लांब असला की वाकावं लागत नाही.

टप्पा ५: नाळ लाटेकडे ठेवा

इंजिन बंद केलेली जेटस्की आपोआप लाटेला आडवी होते. आडवी झाली की पाणी कडेवरून येतं. वाऱ्याविरुद्ध भरती-ओहोटीचा प्रवाह असेल, तर टामाकी स्ट्रेट या सामुद्रधुनीसारख्या ठिकाणी लहान, उभ्या लाटा लागोपाठ येतात आणि दर चौथी-पाचवी पायांवर पडते. वाइहेके बेटाच्या फेरीबोटींच्या लाटा वेगळ्याच.

उपाय म्हणजे नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, सी-अँकर सोडणं. हा कापडी छत्रीसारखा असतो, पाण्यात फुगतो आणि पुढचं टोक वाऱ्याकडे धरून ठेवतो. मी साधारण ७० सेंमी तोंडाचा वापरतो. तो सोडला की जेटस्की हळूहळू मागे सरकत राहते, लाट नाकावर फुटते आणि गळ बाजूने किंवा मागून सोडता येतो. सॉफ्टबेट (मऊ रबरी नकली आमिष) वापरणाऱ्यांना वेग कमी झाल्याचा फायदा वेगळा.

पुढचं कडं सीटवरून हाताला लागत नाही आणि भर समुद्रात नाळेवर रांगत जाणं धोक्याचं आहे. म्हणून जमिनीवर असतानाच कड्याला एक दोरी बांधून ती बाजूने हँडलपाशी आणा आणि तिथे ताणून अडकवा. सैल लोंबू देऊ नका.

सावधान: कुठलीही दोरी जेटस्कीच्या तळाशी पोचेल इतकी मोकळी असता कामा नये. पाणी ओढून घेणारं तोंड तळालाच आहे. दोरी आत गेली की पंखा जाम होतो आणि तुम्ही तिथेच अडकता. दोरीला हात लावण्याआधी इंजिन बंद, सुरक्षा-लेस (जी काढली की इंजिन चालू होत नाही ती दोरी) हँडलवरून काढलेली. इंजिन चालू करण्याआधी सी-अँकर वर, पूर्ण वर.

नांगर टाकायचा असेल तर तोही नाळेवरूनच. मागून नांगर बांधला की मागचं टोक लाटेकडे तोंड करून खाली खेचलं जातं. फूटवेल तर भरतोच, जेटस्कीही बुडू शकते. सोयीचं वाटतं म्हणून मागच्या कड्याला बांधणारे पाहिले आहेत आणि दर वेळी जवळ जाऊन सांगितलं आहे. नांगराबद्दल आणखी एक: २०२१ मध्ये ग्रेट बॅरिअर बेटापाशी सापडलेलं परदेशी कॉलर्पा शेवाळ नंतर आखातात इतरत्रही दिसलं. काही भागांत नांगर टाकण्यावर निर्बंध आहेत. निघण्याआधी ते बघा, आणि नांगराला शेवाळ अडकलेलं दिसलं तर ते दुसऱ्या जागी नेऊ नका.

टप्पा ६: आता ठोकळे

मागचे पाच टप्पे झाल्यावर बरेच जण इथपर्यंत येतच नाहीत, कारण गरज उरत नाही. दोघं जण नियमित जात असाल, किंवा हिवाळ्यात जात असाल, तर मात्र करा. हिवाळ्यात आखाताचं पाणी १४-१५ अंशांवर उतरतं. तीन तास त्यात पाय ठेवल्यावर बोटं इतकी बधिर होतात की उठून उभं राहणंही अवघड होतं.

*साहित्य.* बंद पेशींचा फोम घ्या, पॉलिथिलीनचा किंवा ईव्हीएचा. पाण्यात दाबून धरल्यावर जो पाणी पीत नाही तो. गादीचा स्पंज नको, तो पाणी पिऊन फुगतो. थर्माकोल नको, तो चुरतो आणि पेट्रोल लागलं की विरघळतो. डब्यातून फवारायचा फोम थेट फूटवेलमध्ये तर कधीच नको. तो फायबरला असा चिकटतो की खरवडूनच काढावा लागतो.

*साचा.* फूटवेल साबणाने धुऊन कोरडा करा. आतला आकार खाली अरुंद, वर रुंद आणि मागे निमुळता असतो, त्यामुळे अंदाजाने कापलेलं कधीच बसत नाही. पुठ्ठ्याचे दोन तुकडे थोडे थोडे कातरत आडवे बसवा, एक पुढच्या कडेला, एक मागच्या. डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीकडे वापरू नका. दोन्ही बाजू हुबेहूब असतील याची खात्री नसते. वेगळे साचे करा आणि त्यांवर "डा" व "उ" लिहा.

*कापणी.* ठोकळ्याची लांबी, म्हणजे पुढून मागे, १५ ते २० सेंमी ठेवा. त्याहून आखूड असेल तर लाटेच्या धक्क्याने सरकतो. रुंदी साच्यापेक्षा प्रत्येक बाजूला ३ ते ५ मिमी जास्त, म्हणजे दाबून बसेल. उंची मात्र फूटवेलच्या बाहेरच्या कडेपेक्षा थोडी कमी. आत लाट पडलीच तर जादा पाणी ठोकळ्यावरून मागे सांडलं पाहिजे. कडेच्या वर उंच भिंत बांधणं ही फार दिसणारी आणि सगळ्यात धोकादायक चूक.

*तळ.* फूटवेलमध्ये पाय घसरू नये म्हणून खाचांची रबरी चटई असते. ठोकळा त्या खाचांवर बसतो आणि खाचांतून पाणी आरामात आत येतं. "ठोकळा घट्ट आहे, तरी गळतं" याचं कारण नव्वद टक्के हेच. जुन्या वेटसूटचं निओप्रीन असेल तर त्याची पट्टी ठोकळ्याच्या तळाला कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने चिकटवा. मऊ निओप्रीन खाचांत दाबलं जातं आणि वाट बंद होते. चटई कापू नका.

*निचरा.* ठोकळ्याच्या अगदी खालच्या भागातून २५ ते ३२ मिमी व्यासाची प्लास्टिकची नळी आरपार घाला आणि तिच्या मागच्या तोंडाला डकबिल व्हॉल्व्ह लावा. बदकाच्या चोचीसारखा हा रबरी तुकडा पाणी बाहेर सोडतो आणि आत येताना मिटतो. बसवण्याआधी तोंडाने फुंकून बघा. ज्या बाजूने फुंकल्यावर हवा जाते ती बाजू फूटवेलच्या आत यायला हवी. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह म्हणजे समुद्राचं पाणी आत घ्यायची नळी. व्हॉल्व्ह मिळाला नाही तर साधं बूच चालतं, पण मग निघताना ते काढणं तुमच्या लक्षात राहायला हवं.

*पकड आणि दोरी.* प्रत्येक ठोकळ्याला वरून पट्ट्याची कडी लावा, हातमोजा घालून पकडता येईल अशी. शिवाय एक आखूड दोरी, हातभरापेक्षा कमी, जवळच्या कड्याला. ठोकळा पाण्यात पडला तर तरंगत राहावा, पण दोरी तळापर्यंत जाऊ नये.

ठोकळे स्क्रूने किंवा गोंदाने कायमचे बसवू नका. आम्ही एकदा ठोकळे फार घट्ट कापले होते. एका मोठ्या लाँचच्या लाटेने दोन्ही बाजू भरल्या आणि जेटस्की एका बाजूला कलायला लागली. ठोकळा दोन्ही हातांनी ओढूनही निघेना. मेहुण्याने शेवटी चाकूने तो कापला, तेव्हा पाणी गेलं. त्या दिवसापासून माझा नियम आहे: एका हाताने, एका झटक्यात निघत नसेल तो ठोकळा समुद्रावर न्यायचा नाही.

टप्पा ७: अंगणातली चाचणी

ट्रेलरचं पुढचं चाक वर-खाली करून जेटस्की पाण्यात थांबलेली असते तेवढी कलती करा. मागे ठोकळे लावा, व्हॉल्व्हचं तोंड तात्पुरतं बोळ्याने बंद करा आणि बागेच्या नळीने फूटवेलमध्ये पाच सेंमी पाणी भरा. पाच मिनिटं बघा. ठिबक चालेल, धार नको. धार कुठून येते तिथे खडूने खूण करा आणि तेवढ्याच जागी निओप्रीनची पट्टी वाढवा.

मग बोळा काढा आणि व्हॉल्व्हमधून निचरा किती वेळात होतो ते मोजा. पुन्हा भरा आणि या वेळी ठोकळा ओढून काढा. पाणी काही सेकंदांत संपलं पाहिजे. जोडीदारालाही हे करायला लावा, कारण गरज पडेल तेव्हा मागे तोच बसलेला असेल.

टप्पा ८: आडोशाच्या पाण्यात

लाइफजॅकेट घालून, व्हीएचएफ रेडिओ किंवा वॉटरप्रूफ पिशवीतला मोबाइल अंगावर ठेवून जा. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत आणि दुसऱ्या बोटीपासून किंवा पोहणाऱ्यापासून ५० मीटरच्या आत वेगमर्यादा ५ नॉट आहे. त्यामुळे वेगाची चाचणी त्याबाहेर.

दहा मिनिटं थांबून पट्टी वाचा. नंतर बादलीने दोन्ही फूटवेल मुद्दाम अर्धे भरा आणि डावीकडे-उजवीकडे वजन टाकून बघा. पाण्याचं ओझं कसं धावतं ते अंगाला कळेल. मग हळू वेग वाढवा: व्हॉल्व्ह असलेले ठोकळे चालता चालता पाणी सोडतात का?

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. पाण्यात उतरा आणि ठोकळे लावलेले असताना मागून पुन्हा वर चढा. ठोकळा पायात किंवा हातात येतो का? चढताना मागचं टोक खाली जातं आणि थोडं पाणी आत येणारच. ते नंतर कसं काढायचं ते तिथेच ठरवा. ठोकळ्यामुळे चढणं अवघड होत असेल तर ठोकळा लहान करा. कोरड्या पायांपेक्षा परत चढता येणं मोठं आहे.

टप्पा ९: मासेमारीच्या दिवशीचा क्रम

रॅम्पवर: तळाची बुचं, वजन पुढे, व्हॉल्व्हमध्ये बोट घालून वाळू नाही ना ते बघणं. ठोकळे अजून पेटीवर बांधलेले.

जागेवर पोचल्यावर: इंजिन बंद, लेस काढलेली, सी-अँकर नाळेवरून खाली. जेटस्कीने वाऱ्याकडे तोंड केलं की मग ठोकळे. वेगात असताना आत उडालेलं पाणी आधी सांडून जाऊ द्या. भरलेल्या फूटवेलवर ठोकळा लावणारे मी कितीतरी पाहिले आहेत. ते पाणी आतच कोंडतात आणि मग ठोकळ्याला दोष देतात.

गळ पाण्यात असताना: दर अर्ध्या तासाला एकदा खाली बघा. व्हॉल्व्हपाशी दोरीचे तुकडे, आमिषाचे तुकडे साचतात. बिल्ज पंपाचं बटण दाबा आणि पाणी पडतं का ते ऐका. आधी पडत नव्हतं आणि आता पडायला लागलं, तर पोटात पाणी शिरतं आहे. गळ गुंडाळा आणि आडोशाला जा.

जागा बदलताना: रॉड आत, सी-अँकर वर, ठोकळे बाहेर, मग लेस आणि इंजिन. व्हॉल्व्ह असलेले ठोकळे तसेच ठेवता येतात, पण मी काढतो. उघडा फूटवेल जितक्या झपाट्याने रिकामा होतो तितका कुठलाही व्हॉल्व्ह करत नाही.

सावधान: पाणी घोट्याच्या वर आलं, लाटा नाकावरून थेट आत पडायला लागल्या, किंवा जेटस्की एका बाजूला कलून लगेच सरळ होत नाही असं वाटलं, की ठोकळे टिकवण्याची वेळ संपली. दोन्ही एकाच वेळी ओढून काढा. एकच काढलात तर एक बाजू हलकी होते, दुसरी जड राहते आणि कलणं वाढतं. मग सी-अँकर वर घ्या, इंजिन चालू करा आणि नाक वर येईल एवढा वेग घ्या. पाणी स्वतःहून जाईल. इंजिन चालू होत नसेल तर जेटस्की सोडून पोहायचं नाही. व्हीएचएफ चॅनल १६ वर मदत मागा, नाहीतर मोबाइलवरून *५०० फिरवून कोस्टगार्डला कळवा.

घरी आल्यावर

गोड्या पाण्याने धुताना आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. किती वेळ चालवायचं ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतून घ्या. ठोकळे वेगळे धुवा. निओप्रीनखाली मीठ राहिलं की त्याचे खडे होतात आणि पुढच्या वेळी फूटवेलच्या पृष्ठभागावर ओरखडे काढतात. ठोकळे सावलीत उभे करून वाळवा, उन्हात ईव्हीए आकसतो. फूटवेलमध्ये दाबून ठेवून गॅरेजमध्ये ठेवू नका. आठवडाभर दाबलेला फोम पुन्हा पुरता फुगत नाही आणि मागच्या रविवारी घट्ट असलेला ठोकळा या रविवारी सैल लागतो. माझे ठोकळे भिंतीवरच्या दोन खिळ्यांना टांगलेले असतात, "डा" डावीकडे, "उ" उजवीकडे. त्यांच्या शेजारीच तळाची दोन्ही बुचं लटकवतो, म्हणजे ठोकळे घ्यायला हात गेला की बुचं दिसतातच.